कालेजी

दाळमिलवाल्या मुक्कावार शेठला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं
म्हणून उदगीरला फुटबॉलची टीम झाली
आणि टीमला परदेशी कोच.
नाव फिक्रेत, देश तुर्की.
आम्ही फिकीर सर म्हणायचो.
देगलूर रोडला मेडिकलच्या वर खोली,
डबा शेठच्या घरून,
पगार पुढच्या पाच तारखेला.

दुभाषी नव्हता. गरजही फार पडली नाही.
मैदानाला तो मेयदान म्हणायचा, हवेला हावा,
साबणाला साबुन, हिशोबाला हेसाप.
हेसाप म्हणताना हात असा झटकायचा
की मिलच्या हमालालाही कळावं.
चेंडू म्हणजे तोप. तोफ म्हणजे पण तोप.
गोलपोस्ट म्हणजे काले,
आणि खंदकापलीकडं बोट करून, तो किल्ला पण काले.
आम्ही हसलो. उदगीरच्या पोरांना
किल्ला न् तोफ कामून शिकवतो हा?

मी दोन बांबूंच्या मधे उभा असायचो.
काले राखणारा तो कालेजी.
अर्ध्या मैदानावरून त्याची हाक यायची, कालेऽजी!
आणि मला दर वेळी काळजी ऐकू यायचं,
आई घरातून निघताना म्हणते तसं,
पण शिवी दिल्यासारखं.

एका दुपारी पाणी प्यायला बसलो तर
बुटाच्या टाचेनं त्यानं मातीत रेघ ओढली.
इथं घर. काळ्या समुद्राकाठी, चहाच्या मळ्यात.
तिथं तो लेफ्ट विंगला पळायचा, गुडघा गेला तोवर.
मग त्याच टीमचा कोच. टीम वरच्या लीगमधे चढवली,
गावानं खांद्यावर घेतला.
पुढच्या हंगामात सलग सहा मॅच हरल्या
तर त्याच गावानं
इस्तिफा! इस्तिफा! ओरडत
मागच्या गेटनं, पोलिसांच्या गाडीतून…
नक्कल करताना तो दोन्ही आवाज काढायचा,
लोकांचा आणि गाडीचा.
रेघ पुढं गेली. बाकू, तीन महिन्यांचा पगार बाकी.
त्रिपोली, पाच. तिथं एकदा मॅचऐवजी गोळीबार.
मस्कतला पैसे वेळेवर, पण प्रेक्षक चौदा.
रेघ हंडरगुळीच्या मारोतीच्या बुटापाशी येऊन थांबली.
मारोतीनं पाय मागं घेतला.
"अजून पुढं जायचंय का, सर?"
त्याला मराठी कळलं नसावं.
खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून
त्यानं आम्हाला वाटल्या.

बिया तो सतत खायचा.
साइडलाइनवर टरफलांचा पट्टा पडायचा.
आता गावात सांगतात, तिथं सूर्यफुलं उगवली.
खोटंय. भाजलेलं बी उगवत नाही.

आम्ही लातूरला हरलो, नांदेडला हरलो,
परभणीला बरोबरी, ती पण अंधार पडला म्हणून.
तिकीट शेठच्या साडूला मिळालं.
दुसऱ्या दिवशी जेवण आलं नाही,
तिसऱ्या दिवशी त्यानं बॅग भरली. कुणाला काही विचारलं नाही.
हैदराबादच्या गाडीला आम्ही अकरापैकी सात जण गेलो.
शिट्टी गळ्यातच होती.
गाडीच्या दारात तो जरा वेळ उभा राहिला
काहीतरी ऐकू येईल म्हणून.
आम्हाला कळलं कशाची वाट बघतोय,
पण आमच्यातलं कुणी
इस्तिफा ओरडलं नाही.
त्याला सवय नव्हती. आत गेला, खिडकीला आलाच नाही.

त्याची वही खोलीत राहिली. वहीला तो देफ्तेर म्हणायचा.
घरमालकानं भाड्यात धरली, मी चाळीस रुपयांना सोडवली.
एकेकाच्या नावापुढं अर्धं अर्धं पान, बारीक अक्षरात.
माझ्यापुढं दोनच शब्द.
कितीतरी वर्षांनी पोरीनं मोबाइलवर फोटो काढून
मराठीत वाचून दाखवले:
डावीकडं कच्चा.

टायरच्या दुकानाचं शटर मी रात्री दहाला ओढतो.
आधी डावीकडचं कुलूप.
मग उजवीकडचं.
मग चार पावलं गेल्यावर मागं येऊन
परत एकदा, डावीकडचं.